घरमालक, भाडेकरू आणि तिसरा माणूस

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि दलित कथेचा नवा काळ तेथून मोजण्याची रीत पडली, ती योग्यच आहे. या कथेत समीक्षकांना अस्मितेचा प्रश्न दिसला, न्यूनगंड दिसला, विद्रोह दिसला, शहरी कामगाराच्या मनातील द्वंद्व दिसले. दिसली नाही ती खोली. मुंबईहून एक दलित तरुण रेल्वेची नोकरी धरून सुरतजवळच्या उधन्याला येतो. त्याला नोकरी मिळालेली आहे, हातात पगार येणार आहे. त्याला नाही ते राहायला ठिकाण. खोलीचा शब्द निघतो आणि त्याच्या पाठोपाठ जातीचा प्रश्न येतो. कथा तेथून पेट घेते. म्हणजे जात चोरण्याचे कारण मानसशास्त्रात शोधण्याआधी ते भाड्याच्या खोलीत शोधले पाहिजे. हा तरुण रात्री कोठे झोपायचे या प्रश्नापुढे जात चोरतो.

हा मुद्दा काहींना फार साधा वाटेल. समीक्षेला साधे मुद्दे आवडत नाहीत. परंतु दलित माणसाच्या जगण्यात घर ही गोष्ट कधीच साधी नव्हती. गावात त्याचे घर कोठे असावे हे वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या दिशेवरून ठरलेले होते. ते घर त्याने भाड्याने घेतलेले नव्हते आणि त्याच्या मालकीचेही बहुधा नव्हते. शहरात आल्यावर तो पहिल्यांदा ‘भाडेकरू’ झाला. भाडेकरू हा शब्द कराराचा आहे. एकाने जागा द्यायची, दुसऱ्याने पैसे द्यायचे, दोघांनी एकमेकांची जात विचारण्याचे कारण नाही. गावगाड्यातून निसटलेल्या माणसाला या कराराने केवढे तरी आश्वासन दिले होते. ते आश्वासन कसे मोडते, कोण मोडते, आणि मोडले तर भाडेकरूच्या हाती काय उरते, हे बागुलांच्या कथेच्या आधाराने तपासावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्यासाठी आधी बडोद्याला जावे लागेल. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करार पाळण्यासाठी संस्थानच्या नोकरीत आले. कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण पाठीशी होते, संस्थानची नोकरी होती, खिशात पैसे होते. राहायला जागा नव्हती. हिंदूंच्या खानावळीत जाता येईना, म्हणून त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली. तेथील राखणदाराने सदरा-कस्ती नाही हे पाहून नकार दिला. मग दोघांनी मिळून तोड काढली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचे रोजी दीड रुपया द्यायचे. राखणदाराला पैसा हवा होता, बाबासाहेबांना छप्पर. वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या जागेत त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघण्याच्या वेळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी दरडावले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम दिला. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले. त्याने सांगितले, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. त्याने सांगितले, उद्या माझी बायको येणार आहे, तिला विचारावे लागेल. आणि हे नवरा-बायको मूळच्या ब्राह्मण घराण्यातले होते. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत बसून काढला.

ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणात सांगितली. ते १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने काढले. आपल्याकडे ती नेहमी एका महापुरुषाच्या अपमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. सभेत डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगितली जाते. तिच्यातील व्यवहाराकडे कोणी पाहत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी भाडे किती होते ते लिहिले आहे, किती दिवस राहिलो ते लिहिले आहे, करार कोणाशी झाला ते लिहिले आहे. या तपशिलाने वाचले तर एक गोष्ट लख्ख दिसते. ज्याने जागा दिली त्या राखणदाराने त्यांना काढलेच नाही. त्याची भाड्याविषयी तक्रार नव्हती, वागणुकीविषयीही नव्हती. काढले ते ज्यांचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता अशा काठीवाल्यांनी. हिंदू मित्रानेही ‘मला चालत नाही’ असे म्हटले नाही. त्याने नोकरांकडे बोट दाखवले. ख्रिस्ती मित्राने बायकोकडे बोट दाखवले. प्रत्येक दारात एक तिसरा माणूस उभा आहे आणि नकार त्याच्या नावावर खपवला जातो आहे.

हा तिसरा माणूस आपल्या चांगला ओळखीचा आहे. ‘आम्हांला काही नाही हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत.’ ‘मी दिली असती, पण शेजारी ऐकायचे नाहीत.’ ‘पाण्याचा नळ सामाईक आहे, उगाच भांडणं नकोत.’ खोलीच्या शोधात ज्याने दोन-चार गल्ल्या तुडवल्या आहेत त्याला ही वाक्ये पाठ असतात. प्रथम आडनाव विचारतात; आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात; गावावरूनही झाला नाही तर मांसमच्छी खाता का म्हणून विचारतात. ‘जात कोणती?’ असे तोंड उघडून विचारणारा माणूस त्या मानाने सरळ म्हणायचा.

आता उधन्याच्या कथेकडे परत येऊ. बडोदा आणि उधना ही दोन्ही ठिकाणे मुंबईहून गुजरातेत जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहेत, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. दोन घटनांमध्ये जवळजवळ अर्धशतक गेले. मध्ये स्वातंत्र्य आले, संविधानाचे सतरावे कलम आले, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. तरी कथेतील तरुणाला तीच युक्ती करावी लागते जी बाबासाहेबांना धर्मशाळेच्या नोंदवहीत करावी लागली होती. बागुलांना हा अनुभव ऐकीव नव्हता. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना जागेसाठी जात लपवण्याची पाळी त्यांच्यावर आली होती आणि ते सोसेना म्हणून ते मुंबईला परतले. कथेतला रामचरण तिवारी या तरुणावर लोभ करतो, त्याला मान देतो. जात उघडी पडते तेव्हा त्याच मंडळींचे हात त्याच्यावर पडतात. येथेही मारणारे घरमालक म्हणून मारत नाहीत. ते समाज म्हणून मारतात.

शीर्षकातील ‘चोरली’ या क्रियापदाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. स्वतःची वस्तू कोणी चोरत नाही. मग माझी जात ही कोणाची मालमत्ता होती, की ती सांगितली नाही तर मी चोर ठरावा? माझी जात जाणून घेणे हा समोरच्याचा हक्कच आहे, असे गृहीत धरल्याखेरीज ‘जात चोरणे’ हा शब्दप्रयोग तयारच होत नाही. बागुलांनी हा शब्द स्वतःकडे घेतला आणि त्याचा काटा उलटा फिरवला. दुर्दैवाने अनेक वाचकांनी तो कबुलीजबाबासारखा वाचला. जणू कथानायक खरोखरच अपराधी आहे आणि मार हे त्याचे प्रायश्चित्त आहे.

ही केवळ शब्दांची कीस नाही. २०१७ साली पुण्यात एका घरमालकिणीने आपल्या स्वयंपाकीण बाईविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. बाईने जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला आणि आपली फसवणूक केली, असे तिचे म्हणणे होते. गवगवा झाला आणि फिर्याद मागे घेतली गेली. परंतु फसवणुकीची तक्रार नोंदवावी असे तिला वाटले आणि ती नोंदवली गेली, हे विसरता येत नाही. ‘जात चोरली’ हे क्रियापद ठाण्याच्या डायरीपर्यंत पोहोचले. खोलीच्या बाबतीतही घरमालक हाच युक्तिवाद करतो. तुम्ही खरे सांगितले असते तर मी खोली दिलीच नसती, सबब करार रद्द. याला उत्तर भावनेने देऊन चालणार नाही; कायद्याने द्यावे लागेल, आणि ते आहे. करार कायद्याच्या सतराव्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, बोलणे हे कर्तव्यच असेल अशी परिस्थिती नसेल तर केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. ज्या देशात अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेबाबत कोणाला अडवणे हा १९५५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे, त्या देशात खोली मागताना जात सांगणे हे भाडेकरूचे कर्तव्य असूच शकत नाही. म्हणून गप्प राहणारा भाडेकरू चोर नाही. त्याचा करार इतर कोणाच्याही करारासारखा उभा राहतो, असे माझे मत आहे. खोटे आडनाव सांगितले तर गोष्ट थोडी अवघड होते, हे मान्य. पण त्या खोट्याचा जन्म प्रश्नकर्त्याच्या गुन्ह्यातून झालेला असतो, हे न्यायालयापुढे निर्भयपणे मांडले गेले पाहिजे.

कथेच्या शेवटी काशीनाथ येतो. जात न चोरणारा, छाती काढून चालणारा, अंगावर धावून जाणारा काशीनाथ. दलित समीक्षेने त्याला डोक्यावर घेतले आणि कथानायकाला जरा झाकून ठेवले. विद्रोहाच्या त्या वर्षांत हे होणारच होते. आज मात्र विचारले पाहिजे की दुसऱ्या दिवशी या काशीनाथला उधन्यात खोली कोण देणार होते? त्याने जात उघड सांगितली, त्यामुळे त्याला दारातूनच परत जावे लागले असेल. कथानायकाने लपवली, त्यामुळे तो आत गेला आणि मार खाऊन बाहेर आला. दोघेही बिनखोलीचेच राहिले. बागुलांच्या लेखनातील आवेशाचा एक तोटा येथे जाणवतो. काशीनाथ माणूस न राहता पुतळा होतो, आणि पुतळ्याला भाडे भरावे लागत नाही. बाबासाहेबांच्या टिपणात असा काशीनाथ नाही. तेथे एक सुशिक्षित माणूस बागेत बसून गाडीची वाट पाहतो आहे. त्या बसण्यात जो हिशेब आहे तो मला काशीनाथच्या सुऱ्यापेक्षा अधिक अस्वस्थ करतो. हे मत सर्वांना पटेल असे नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये खोलीचा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. मुंबईचा तो कावाखाना, एकेका बिऱ्हाडात पोटभाडेकरूंची दाटी, आडोसे करून केलेले संसार. गावाकडून आलेल्या भावकीला थारा मिळाला तो कोणा घरमालकाच्या दारात नव्हे, आपल्याच माणसाच्या खोलीच्या कोपऱ्यात. आणि पोटभाडेकरू ठेवणे हे भाडेकायद्यात भाडेकरूला काढण्याचे एक ठळक कारण आहे! मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात होते, महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातही आहे. ज्याला परका घरमालक दार उघडत नाही त्याला आपल्या खोलीत घेणे हा आमच्याकडे माणुसकीचा धर्म होता. कायद्याच्या दृष्टीने तो करारभंग होता. ‘बलुतं’वर एवढा गदारोळ झाला, भाषेवर झाला, आईविषयीच्या मजकुरावर झाला, त्यातील घरभाड्याच्या अर्थव्यवस्थेवर मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

भाडेकायदा घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाच ओळखतो. तिसऱ्याला ओळखत नाही. ही त्याची मर्यादा आहे, तरी म्हणून तो टाकून देण्यासारखा नाही. विदर्भापुरते बोलायचे तर येथे १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. त्याखाली घरमालकाला आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे. ती मिळाल्यावर घर सोडण्याची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा. थकबाकी, पोटभाडे, उपद्रव, स्वतःची खरी गरज अशी ठरावीक कारणे दाखवावी लागत. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि परवानगीचा हा उंबरठा गेला. नव्या कायद्यात भाडेकरूच्या हाती काही हत्यारे आहेत. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. दाव्याचे समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत थकलेले भाडे साध्या व्याजासह, वार्षिक पंधरा टक्क्यांनी, न्यायालयात भरले, पुढेही भरत राहिले आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज तोडून माणसाला हुसकावण्यास मनाई आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते.

आमच्या लोकांची अडचण पावतीपासून सुरू होते. ज्याला मुळात खोली मिळाली हेच उपकार वाटतात तो पावती मागत नाही. जात लपवून राहणारा तर कागदाला घाबरतोच. कागदावर पूर्ण नाव येते. म्हणून भाडे रोख, करार तोंडी, अनामत रकमेचा पुरावा नाही. मालकाने भाडे घेण्याचे बंद केले तर मनीऑर्डरने पाठवावे, परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवावी, बँकेतून द्यावे, एवढे साधे शहाणपणही कोणी शिकवत नाही. आम्ही व्याख्यानमालांतून विद्रोहाचे सौंदर्यशास्त्र पुष्कळ शिकवले.

या कायद्यात दलित भाडेकरूच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती सोळाव्या कलमाची दुसरी पोटकलमी तरतूद. पूर्वीच्या मुंबई कायद्यातही ती होती. घरमालक म्हणतो, मला स्वतःला जागा हवी आहे. न्यायालयाने त्याची गरज खरी मानली तरी आणखी एक गोष्ट पाहायची असते. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूचे होणारे हाल, न दिल्याने मालकाच्या होणाऱ्या हालांपेक्षा अधिक आहेत काय? आणि हे ठरवताना मालकाला किंवा भाडेकरूला दुसरी योग्य जागा उपलब्ध आहे काय हेही विचारात घ्यायचे असते. मालकाचा वकील सहज सांगतो, गावात खोल्या भरपूर रिकाम्या आहेत. भरपूर आहेत, पण कोणासाठी? ज्याच्यापुढे दहापैकी आठ दारे आडनाव ऐकून बंद होतात त्याच्यासाठी ‘उपलब्ध जागा’ या शब्दांचा अर्थ इतरांसारखा नसतो. ही गोष्ट कैफियतीत लिहिली पाहिजे, शपथेवर सांगितली पाहिजे. कोणत्या दारात, कोणत्या तारखेला, कोणती सबब मिळाली ते नोंदवले पाहिजे. कायद्यात जातीचा शब्द नसला तरी ‘सर्व परिस्थिती’ हा शब्द आहे, आणि जात ही आमची परिस्थिती आहे.

परंतु हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नावे असलेल्या शहरांचा आणि गावांचा आहे. ग्रामपंचायतीच्या खेड्याला तो सहसा लागत नाही. आमच्या हिवरा आश्रमासारख्या गावाचे पाहा. मेहकर तालुक्यातील हे खेडे शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे शिक्षणाचे ठिकाण झाले. बाहेरगावची मुले शिकायला येतात. वसतिगृहात न मावणारी मुले अशा कोणत्याही शिक्षणाच्या गावी खोल्या करून राहतात. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात येथे महापंगत बसते. हजारो माणसे एका वेळी जमिनीवर बसून पुरी आणि वांग्याची भाजी खातात. शेजारी कोण बसले हे कोणी विचारत नाही. त्या पंगतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांच्या आज्यांनी लग्नाच्या पंगतीबाहेर उष्ट्याची वाट पाहिली त्यांना ते चांगले कळते. पण पंगत घटकाभराची असते. शेजार बारा महिन्यांचा असतो. मोरी, नळ, स्वयंपाकाचा वास, भिंतीवरचा फोटो, सहा डिसेंबरला दादरला निघालेली पिशवी, या सगळ्यांचा संबंध शेजाराशी येतो. पंगतीत मागे पडलेली जात खोलीच्या दारात उभी राहते, असे महाराष्ट्रातील कोणत्याही गावाविषयी म्हणता येईल. हिवरा आश्रमावरच त्याचा ठपका ठेवण्याचे कारण नाही.

अशा गावी भाडेकरूला लागू पडतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपतो; कारण सांगावे लागत नाही. मात्र नोटीस संपली म्हणून मालकाला स्वतः कुलूप तोडता येत नाही, सामान रस्त्यावर टाकता येत नाही. त्याने न्यायालयात गेले पाहिजे. आणि तो न जाता दांडगाईने बाहेर काढलेच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम आहे. कायदेशीर मार्गाखेरीज, आपल्या संमतीवाचून ज्याचा ताबा गेला तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची हा प्रश्न तेथे निघत नाही. त्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही. सहा महिने ही मुदत फार लहान आहे. बहुतेकांचे सहा महिने नवी खोली शोधण्यात आणि अपमान गिळण्यातच निघून जातात.

बडोद्याच्या काठीवाल्यांचे काय? त्यांच्यासाठी १९८९ साली पहिल्यांदा नेमका कायदा आला. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, अशा व्यक्तीला तिचे घर, गाव किंवा राहण्याचे ठिकाण सोडण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीतही ते कलम कायम आहे; तेथे सार्वजनिक कर्तव्य म्हणून केलेल्या कारवाईला वगळले आहे, म्हणजे नगरपालिकेच्या बुलडोझरपुढे त्याचा उपयोग नाही. या कायद्याचे महत्त्व असे की तो गुन्हेगार घरमालकच असला पाहिजे असे म्हणत नाही. अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा जो कोणी असेल तो. शेजारी असेल, गल्लीतले टोळके असेल, सोसायटीचा पदाधिकारी असेल. भाडेकायद्याला न दिसणारा तिसरा माणूस या कायद्याला दिसतो. म्हणून दलित भाडेकरूने दोन्ही कायदे बरोबर वापरले पाहिजेत. एकाने ताबा सांभाळायचा, दुसऱ्याने काठीवाल्याला आरोपी करायचे. प्रत्यक्षात वकील दिवाणी कागद लिहितो तेव्हा जातीचा उल्लेख ‘अनावश्यक’ म्हणून गाळतो, आणि ठाणेदार फिर्याद घेताना म्हणतो, हा घरभाड्याचा दिवाणी वाद आहे. दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर माणूस सामानासकट उभा राहतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला आहे, आणि आमच्या लेखकांनी त्याची दखल घेतलेली मला दिसत नाही. शहरातून आता भाडेपट्टा दिला जात नाही. अकरा महिन्यांचा परवाना-करार दिला जातो. १९९९ च्या कायद्याने असा करार संपल्यावर जागा सोडावी लागते, भाडेकरूचे संरक्षण तेथे नाही, मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणजे काठी नको, नोटीस नको, कारणही नको. फक्त करार पुन्हा करायचा नाही. ‘मुलाचं लग्न ठरलंय’, ‘रंगकाम काढायचंय’, ‘घर विकायचं चाललंय’. बाहेर काढणे आता सभ्य झाले आहे. विदर्भाचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. सवर्ण, दलित आणि मुसलमान अशा सारख्याच संख्येच्या घरशोधकांनी दूरध्वनी केले. सवर्णांना जवळजवळ सर्वत्र होकार मिळाला. दलितांपैकी १८ टक्क्यांना आणि मुसलमानांपैकी ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला, आणि होकार मिळालेल्यांपैकी अनेकांना अटी घालण्यात आल्या. अमेरिकेने १९६८ साली घर भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा स्वतंत्र कायदा केला; आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतेच ठेवण्याचा पोटनियम वैध ठरवला. एखादी अल्पसंख्य जमात आपली वस्ती टिकवू पाहते हे समजू शकते, पण तोच निकाल हातात घेऊन इतर सोसायट्या काय करतील याची काळजी वाटते.

काठीची कथा बागुलांनी लिहिली. सबबीची कथा बाबासाहेबांच्या टिपणात चार-सहा ओळींत आहे, हिंदू मित्राच्या आणि ख्रिस्ती मित्राच्या तोंडी. तेवढ्या धाग्यावर आमच्या नव्या कथाकारांनी फारसे विणलेले नाही. नव्या पिढीच्या आत्मकथनांत गावकुसाबाहेरचे घर येते, झोपडपट्टी येते, वसतिगृह येते. नोकरी लागल्यानंतरची भाड्याची सदनिका एका परिच्छेदात उरकली जाते. त्यात लिहिण्यासारखे काही घडले नाही असे लेखकाला वाटत असावे. दलाल दूरध्वनीवर एकदा आडनाव विचारतो, जरा थांबतो, आणि जागा कालच गेली म्हणून सांगतो. ती जागा पुढच्या आठवड्यातही जाहिरातीत असते. ही जाहिरात कापून, तारीख घालून ठेवली तर कथेला उपयोगी पडेल, आणि सोळाव्या कलमाखालच्या कैफियतीला जोडताही येईल.